सातव्या ओळीतली बाई

बुलढाण्याच्या दवाखान्यात खर्चाचा कागद हातात पडला तसा अश्वजितनं खिशातून पेन्सिल काढली. मास्तरच तो, तपासल्याशिवाय कुठलाही कागद सोडायचा नाही. शेजारी बसलेल्या सुवर्णाचं, त्याच्या बायकोचं, कागदाकडे मात्र लक्ष नव्हतं. दुसऱ्या बाईचं स्त्रीबीज घ्यायचं, हे सासूला अजून कोणी सांगितलं नव्हतं. होईल ते लेकरू आपलंच म्हणायचं का, या धास्तीनं आठवडाभर तिची झोप उडाली होती.

औषधं, लॅब, बीजाचा खर्च... पेन्सिल खाली सरकत सातव्या ओळीवर अडली. अश्वजितनं तिथं गोल केला.

"हा विमा काऊन? सुवर्णाचा तं हाये न."

"हा बीज देणाऱ्या ताईंचा," समुपदेशक बाई म्हणाल्या. "कायद्यानं वर्षभराचा लागतोच. इंजेक्शनं त्याही घेतात, भूल त्यांनाही देतात."

सुवर्णा सरळ होऊन बसली. "त्याईले काही झालं तं पैसे कोणाले भेटतीन?"

"त्यांच्या मुलीला," बाई बोलून गेल्या.

"केवढी हाये ती?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. ते सांगायची परवानगी नव्हती.

सुवर्णानं नवऱ्याच्या हातातून पेन्सिल ओढली आणि मागच्या रबरानं तो गोल खसाखसा पुसून टाकला.

"कमी करायचं असन तं माह्या औषधातलं करा," ती म्हणाली. "त्या पोरीची माय जशी आली तशी घरी गेली पाह्यजे."