यादीतला पाचवा रकाना

सुट्टीला निघण्याच्या आदल्या दिवशी कुठल्याही घराचं जे होतं, तेच त्या घराचंही झालं होतं. बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सोफ्यावर कपड्यांचे ढीग, जमिनीवर चार बॅगा तोंड वासून पडलेल्या. बाबांना चार्जर सापडत नव्हता, मधलीचं दोन टोप्यांत काही ठरत नव्हतं, आणि सहा वर्षांचा धाकटा आपला चेंडू शोधायला भरलेली बॅग पुन्हा उपसत होता.

आई मात्र गोंधळणाऱ्यांतली नव्हती. ती शाळेत शिकवायची, तिला सगळं रेघा मारून लागायचं. चार वर्षांपूर्वी तिने सामानाची एक यादी करून, वर प्लास्टिकचं आवरण घालून, कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. आई, बाबा, मधली, धाकटा असे चार रकाने. दरवर्षी दार उघडायचं, एकेक वस्तू वाचायची आणि भरायची. मोजेसुद्धा कधी विसरले नव्हते.

घरात माणसं मात्र पाच होती.

थोरली तेरा वर्षांची. जन्मापासून तिचा डावा हात आणि डावा पाय आखडलेला. बोलणं संथ, एकेक शब्द ओढून आणल्यासारखं. तोंडातून लाळ गळायची म्हणून हातात कायम नॅपकिन. डोकं मात्र असं तल्लख की मधलीच्या गणितातली चूक लांबूनच सांगायची. ती दर सुट्टीला मावशीकडे जायची. तिची लहानशी निळी बॅग तिची तीच भरायची, आणि त्यासाठी यादी लागत नव्हती.

"तिला प्रवास सोसत नाही हो," असं आईबाबा सगळ्यांना सांगत. शेजाऱ्यांना सांगून झालं होतं, नातेवाइकांना सांगून झालं होतं. सात वर्षं तेच सांगून आता त्यांना स्वतःलाही ते खरं वाटू लागलं होतं. याच आईने शाळेच्या भिंतीवर रंगीत खडूंनी 'सगळी मुलं सारखी' असं सुरेख अक्षरात लिहिलं होतं, हेही सांगून ठेवतो.

"आई, माझ्या उलटीच्या पिशव्या घेतल्यास?" धाकट्याने विचारलं.

"घेतल्या. दहा घेतल्या."

"गेल्या वेळी बाबांच्या शर्टावर झाली होती!" तो मोठ्या अभिमानाने म्हणाला. मग थोडा थांबून, "ताई का नाही येत?"

"किती वेळा सांगू? तिला प्रवास सोसत नाही."

धाकट्याने नुकताच सापडलेला चेंडू खाली ठेवला. "पण गाडी तर मला लागते. मग मी राहू का मावशीकडे?"

मधली फिदीफिदी हसली, आणि मग आईचा चेहरा बघून पुन्हा टोप्यांकडे वळली.

"दे की त्याला उत्तर," दारातून आवाज आला. थोरलीला न्यायला मावशी आली होती. आईची मोठी बहीण. तीस वर्षं दवाखान्यात परिचारिका म्हणून काढलेली, त्यामुळे जखमेवरची पट्टी हळूहळू सोडवत बसायची सवय नव्हती.

"अक्का, तुला माहीत आहे ना सगळं?" आई म्हणाली. "तिकडे पायऱ्या, गर्दी... दमते ती."

"माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. दरवर्षी चढते ती. पायऱ्यांचं मला सांगू नकोस."

बाबा मध्ये पडले. "तसं नाही अक्का. लोक टक लावून बघतात. तिलाच वाईट वाटतं."

"तिला विचारलंत कधी?"

बाबा पुन्हा चार्जर शोधायला लागले.

"लोक बघतात तेव्हा मान तुमची खाली जाते, आणि मागे तिला ठेवता!" मावशीचा आवाज चढला. "ज्यांना सवय नाही ते बघणारच. सवय होणार कशी? अशी मुलं कुणाला दिसतच नाहीत, कारण तुमच्यासारख्या चांगल्या माणसांनी ती घरात लपवली आहेत!"

आईचा संताप अनावर झाला. "ठीक आहे! येऊ दे तिला! आत्ता भरते तिचे कपडे!"

तिने ताडकन कपाट उघडलं, पेन उचललं. यादीत थोरलीचं नाव घालायला जागाच नव्हती. प्लास्टिकवर पेन उमटेना. म्हणून ती यादीखालच्या कोऱ्या लाकडावर लिहायला वाकली, आणि तशीच थांबली.

तिथे आधीच लिहिलेलं होतं. खूप खाली, नऊ वर्षांच्या मुलीचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर. पेन्सिलीच्या वाकड्या रेघांचा एक रकाना. वर 'मी'. खाली 'टोपी. पोहायचे कपडे. नॅपकिन – खूप.' आणि प्रत्येक वस्तूपुढे बरोबरची खूण.

चार वर्षं आई हे दार उघडत होती!

थोरली निळी बॅग घेऊन दारात उभी होती. आई तिच्यापुढे खाली बसली. "बाळा, उद्या तू आमच्याबरोबर चल."

थोरलीने तोंड पुसलं. "न-को."

"का गं?"

"ती बाई... पुन्हा... टेबल... बदलेल."

नुकताच सापडलेला चार्जर बाबांच्या हातातून खाली पडला. सात वर्षांपूर्वी, एका हॉटेलच्या जेवणघरात, थोरलीकडे बघून एक बाई आपली ताटं आणि मुलं उचलून दुसऱ्या टेबलावर गेली होती. आईबाबांनी तो विषय एकमेकांतही कधी काढला नव्हता. सहा वर्षांच्या पोरीला काय कळतंय, असं ते धरून चालले होते. तिला सगळं कळलं होतं. त्या बाईचंही, आणि त्यानंतर आपल्याला कधीच का नेलं नाही, तेही.

आई तिच्या पायांशी बसून हमसून हमसून रडली. थोरलीने नॅपकिन पुढे केला, पण "येते" म्हणाली नाही.

बाबांनी फोन करून सुट्टीसाठी घेतलेली हॉटेलातली खोली रद्द केली. संध्याकाळी मावशीसकट सगळे कोपऱ्यावरच्या खानावळीत गेले. वाढणाऱ्याने भिंतीकडचं टेबल दाखवलं, तेव्हा आई म्हणाली, "मधलं द्या." लोकांनी बघायचं तेवढं बघितलं. आईने मान खाली घातली नाही. थोरलीने मात्र घातली. ती नॅपकिनआडून चार घास जेवली आणि म्हणाली, "आता... घरी."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. त्याच्या पुढच्या दिवशीही. थोरलीची मान अजून वर आलेली नाही. सात वर्षं रोज थोडी थोडी वाकवलेली मान आईबाबांच्या एका दिवसाच्या रडण्याने कशी सरळ व्हावी?

मंडळी, टेबल बदलणारी ती बाई वाईट होतीच. पण ती एकदाच उठून गेली. तिच्या भीतीने पोटच्या पोरीला दरवर्षी मागे ठेवणारे तुमच्याआमच्यातलेच होते. आपल्या मुलाला जगापासून लपवणं ही माया नव्हे, ती आपली लाज आहे. ती त्या पोराच्या बॅगेत भरू नका. पुढच्या सुट्टीची यादी कराल तेव्हा आधी घरातली माणसं मोजा, मग रकाने आखा.