काढून टाकलेल्या दोन ओळी

दवाखान्यांतली रक्ततपासणीची यंत्रं एकामागून एक कोलमडत होती. रिपोर्ट छापला जात असताना कुणी प्रिंटरची वायर काढली, की अख्खं यंत्र क्रॅश. ती यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत ती प्रोग्रॅमर. तीन दिवस तिने कर्नल, म्हणजे यंत्राच्या सॉफ्टवेअरचा सगळा डोलारा ज्यावर उभा असतो तो गाभा, पिंजून काढला. चौथ्या दिवशी घोळ घालणारं फंक्शन, कोडचा एक छोटा तुकडा, सापडलं. प्रिंटर निघाला की ते त्याची मेमरी मोकळी करून टाकायचं, आणि छपाईचं काम मात्र अजून तिथेच लिहीत बसलेलं असायचं. मध्ये काम संपेपर्यंत मेमरी अडवून धरणारं लॉक हवं होतं. नव्हतं.

फंक्शन तिच्या वडिलांनी लिहिलेलं, याच कंपनीत असताना. सहा वर्षांपूर्वी याच बिघाडापायी त्यांना राजीनामा द्यावा लागला होता. तेव्हा वरवर ठिगळ लावून प्रकरण मिटवलं गेलं.

तिने जुन्या सर्व्हरवर धूळ खात पडलेला कोडचा इतिहास उघडला. वडिलांच्या मूळ फंक्शनमध्ये लॉक होतं, चांगलं दोन ओळींचं. ते काढलं होतं साहेबांनी. शेरा : ‘वेग वाढवला.’ साहेब म्हणजे तिचे वरिष्ठ आणि वडिलांचे जिवलग मित्र. घरी ती त्यांना काका म्हणायची.

तिने ओळी परत घातल्या, वायर चाळीस वेळा उपटून पाहिली. यंत्र चालतच राहिलं.

“शाब्बास!” साहेब खूश झाले. “आता नोंदीत लिही, मूळ लेखकाची जुनी चूक दुरुस्त केली.”

“त्यांची नाही ती चूक, काका.”

साहेबांनी उठून दार लोटलं. “आधी बाबांना विचार,” एवढंच म्हणाले.

घरी वडील खिडकीपाशी नखं कापत बसले होते. तिने सगळं सांगितलं.

“माहीत आहे मला,” मान वर न करता ते म्हणाले.

“मग बोलला का नाहीत? लोक काय काय बोलले तुम्हाला!”

“तुझी शेवटची परीक्षा झाली होती. तो म्हणाला, तू गप्प राहा, पोरीला मी कंपनीत घेतो.”

आणि तिला इतकी वर्षं वाटत होतं, मुलाखतीत आपण सगळ्यांना गार केलं.

“म्हणजे मी...”

“तू हुशार आहेसच गं,” ते घाईघाईने म्हणाले. त्या घाईनेच तिचं तोंड कडू झालं.

सकाळी तिने नोंद भरली. चूक कुणाची, ते लिहिलंच नाही. तिची हिंमत तेवढीच पुरली. दुपारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी ती वाचली आणि पदरचं एक वाक्य जोडलं, “बापाची चूक लेकीने निस्तरली!”

टाळ्या पडल्या. ती उभी राहिली, “थँक्यू, सर,” म्हणाली आणि खाली बसली.