शालनसाठी थांबणारी गाडी

सदलग्याच्या रस्त्यावर ती बिनड्रायव्हरची गाडी चाचणीला आली, तेव्हा म्हशीसुद्धा बिचकल्या. माणसांचं तर विचारूच नका. रस्ता ओलांडायचा म्हणजे आपण ड्रायव्हरकडं बघतो, हात वर करतो. तो मान हलवतो, नाहीतर शिवी हासडतो. काही का असेना, उत्तर मिळतं. इथं बघायचं कुणाकडं? मागच्या सीटवर लॅपटॉप घेऊन बसलेली तेजस्वी नावाची इंजिनिअर पोरगी तेवढी दिसायची.

रायगोंडाच्या बायकोला, शालनला, मात्र गाडीचं भारी कौतुक. घर रस्त्याच्या अलीकडं, रान पलीकडं आणि घराणं जैनाचं. दिवस मावळायच्या आत नवऱ्याच्या पोटात भाकरी गेलीच पाहिजे. म्हणून रोज सांजच्याला ती डबा घेऊन लंगडत रस्ता ओलांडायची. ट्रकवाले हॉर्न बडवायचे, ही गाडी मात्र गपगुमान उभी राहायची.

"माणसापरीस शानी हाय बघा," शालन म्हणायची. "तुमी तर कधी थांबला न्हाईसा माज्यासाठी."

खरंच होतं ते. जत्रेला निघाले तरी रायगोंडा तरातरा पुढं आणि ही गुडघा धरून मागं. "चल की गं लवकर!" एवढंच त्याचं बोलणं.

माघात शालन गेली, चुलीपुढं बसल्या जागी. आणि गाडी थांबतच राहिली. तीच वेळ, तीच जागा, रस्त्यावर चिटपाखरू नाही, तरी ही आपली उभी. लोकांनी भूत ठरवलं आणि सांजच्याला तिकडं फिरकायचं सोडलं. रायगोंडा मात्र रोज बांधावर येऊन बसायचा. अंगावर सरसरून काटा यायचा, तरी यायचाच. शालनची वाट बघणारी जगात आता ती गाडीच तेवढी उरली होती.

एक दिवस तेजस्वी खाली उतरली.

"आप्पा, भूतबीत काय न्हाय. रोज या वक्ताला हितं माणूस येतंय, हे गाडी शिकलीया. पण मागनं कोण धडकलं म्हंजे? उद्यापासनं दुरुस्त करतोय. समोर खरोखर माणूस असंल तरच थांबंल."

रायगोंडा बांधावरनं उठला. "म्हंजे तिला इसरणार व्हय गं पोरी?"

पोरगी खाली मान घालून गाडीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः भाकरी थापली. वेडीवाकडी, एका अंगानं करपलेली. ती शालनच्या डब्यात घातली आणि उन्हं कलल्यावर घराच्या बाजूला येऊन उभा राहिला. आपणच रोज डबा न्यायचा, म्हणजे गाडीला थांबावंच लागेल, एवढाच त्याचा हिशोब. दुरुस्त झालेली गाडी आली. त्यानं हात वर केला, गाडी थांबली. सवयीनं तो तरातरा रस्ता ओलांडून बांधावर चढला आणि मागं वळला.

गाडी हललीच नव्हती.

तेजस्वी लॅपटॉपकडं बघत होती, मग रिकाम्या रस्त्याकडं, मग पुन्हा लॅपटॉपकडं. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

रायगोंडानं डबा छातीशी धरला. भ्यालाच तो, खोटं कशाला बोला! पण पळाला नाही. जन्मात पहिल्यांदा तो बायकोसाठी थांबला.

"ये गं," तो म्हणाला. "सावकाश ये. मी हाय हितंच."