अकरावा ठोका

दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी पडले होते आणि पाळक माउखर त्यांपैकी एकालाही हात लावत नव्हते. चर्चमागच्या त्या लहानशा खोलीत शेगडीतले लाकूड तेवढे मधूनच तडकत होते. समोर याकोबीने केखले, माहेरची रुऑफ, उभी होती, हात एप्रनखाली गुंडाळून. गेली बावीस वर्षे ती या चर्चची झाडलोट करत होती, मेणबत्त्या लावत होती, घंटा वाजवत होती. आणि या खोलीतल्या खुर्चीवर ती आजवर कधी बसली नव्हती.

पहिला कागद तीन आठवड्यांपूर्वी टपालाने आला होता. कुठल्याशा संस्थेचे छापील नाव, खाली न वाचता येणारी सही. आपले बंधू ऑयगेन रुऑफ यांना अपेंडिक्सला सूज येऊन अकस्मात मृत्यू आला, साथीच्या भयामुळे दहन करावे लागले, राखेचा कलश मागणी केल्यास मिळेल. दुसरा कागद पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला. एकवीस वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या इस्पितळाने दिलेला दाखला: रुग्ण ऑयगेन रुऑफ, वय एकोणीस, अपेंडिक्स काढून टाकले.

"काढून टाकलेलं अपेंडिक्स सुजतं का हो, पाळकसाहेब?" तिने विचारले.

माउखरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"कारकुनाची चूक असेल, केखलेबाई. एवढी पत्रं लिहायची म्हणजे..."

"एवढी म्हणजे किती?"

माउखर खिडकीकडे वळले. खिडकीबाहेर नोव्हेंबरचा शनिवार विझत चालला होता. डोंगरउतारावरच्या द्राक्षवेलींवर एकही पान उरले नव्हते.

"चूक कारकुनाचीच," ती म्हणाली. "आजार लिहायला चुकला. मारणारे कुठंच चुकले नाहीत."

"हळू बोला."

"हळूच बोलतेय. घंटा वाजवणाऱ्या बाईला हळू बोलायची सवय नसते, तरी बोलतेय."

ऑयगेनला लहानपणापासून फिट्स यायच्या. पण दोन झटक्यांच्या मधले दिवस, कधी कधी महिने, तो गावातला सगळ्यांत आनंदी माणूस असे. बहिणीबरोबर तोही घंटेचा दोर ओढायचा. गावात कोणी गेले की वयाच्या दर दहा वर्षांमागे एक ठोका द्यायची रीत होती. ऑयगेनचे मोजणे नेहमी चुके. चाळिशीच्या लोहारासाठी त्याने एकदा नऊ ठोके दिले, आणि नव्वदीची म्हातारी बाउडरबाई अंथरुणातून उठून रस्त्यावर आली, आपणच गेलो की काय ते पाहायला. "ऑयगेन वाजवतो तेव्हा मेलेलं उठून बसतं," गाव वर्षभर हसत होते. पुढे झटके वाढले. आठ वर्षांपूर्वी तिने त्याला रुग्णसेवा करणाऱ्या डीकनेस भगिनींच्या आश्रमात नेऊन सोडले, कारण तिथे रात्रभर कोणीतरी जागे असे. दर ईस्टरला ती त्याला भेटायला जाई. तो गळ्यात पडून आधी घंटेची खुशाली विचारायचा, मग तिची.

सप्टेंबरात तिथे रुग्णांना न्यायला करड्या रंगाच्या बसगाड्या आल्या. त्यांच्या काचा रंगवून आंधळ्या केल्या होत्या. भगिनींपैकी एकीने हे तिला सांगितले, तेही गोठ्यात, गाईच्या आडोशाला उभे राहून, आणि सांगताना ती आपल्या हातांकडे असे पाहत होती, जणू ते कोणा दुसऱ्याचे आहेत. बसमध्ये चढताना ऑयगेनने त्या भगिनीला विचारले होते, आम्ही घरी चाललोय का?

"तुम्हाला माझ्याकडून काय हवंय?" माउखरांनी विचारले.

तिने टेबलावरच्या तिसऱ्या कागदाकडे बोट केले. उद्या मृतांचा रविवार. वर्षभरात गेलेल्यांची नावे उद्या वेदीसमोर वाचली जायची, आणि प्रत्येक नावामागे ती एक ठोका द्यायची. तो ठोका म्हणजे मंडळीने त्या माणसाला देवाच्या हाती सोपवल्याची खूण. यादीत अकरा नावे होती. प्रत्येक नावापुढे माउखरांच्या सुबक अक्षरात तेच शब्द होते: देवाच्या इच्छेने प्रभूमध्ये निजला. सर्वांत शेवटी ऑयगेन.

"हे शब्द. 'देवाच्या इच्छेने'. तेवढे गाळा."

"केखलेबाई..."

"खून म्हणा असं मी म्हणत नाही. तुम्हाला चार मुलं आहेत, मला कळतं. ऑयगेन रुऑफ, वय चाळीस, एवढंच वाचा. पण त्यांनी केलेलं देवाच्या माथी मारू नका. उद्या त्यांना कोणी विचारलं तर ते तुमचीच यादी पुढं करतील. म्हणतील, आम्ही कुठं, देवानंच नेला. तुमच्या पाळकानं वेदीसमोर सांगितलंय."

"गावप्रमुख हेगेले पहिल्याच बाकावर बसतो. दहा जणांना म्हटलं आणि अकराव्याला नाही, तर ते त्याच्या कानातून सुटेल?"

"मग सगळ्यांचं गाळा."

माउखर थकल्यासारखे हसले. "न्याय करणारा वर आहे, केखलेबाई. तो दिवस येणार आहे. आपण धीर धरायचा."

"धीर मी धरलाय. तो दिवस येणार म्हणूनच तर सांगतेय." तिने आपले दोन्ही कागद उचलून घडी केले. "न्याय व्हायचाच नसता, तर काय वाट्टेल ते लिहिलं असतंत तरी चाललं असतं. व्हायचाय, म्हणून साक्ष खरी पाहिजे."

"विचार करतो," ते म्हणाले. आणि ते खरोखरच विचार करतील असे त्यांच्या चेहऱ्यावर होते.

रविवारी चर्च भरले होते. गावप्रमुख हेगेले कोटावर पक्षाचा स्वस्तिकवाला बिल्ला लावून पहिल्या बाकावर बसला होता. याकोबीने मनोऱ्याच्या तळाशी, दोराजवळ उभी राहिली; नावे ऐकू यावीत म्हणून मधले दार उघडे ठेवलेले. माउखर त्या दिवशी फार सुंदर बोलले. शेवटच्या दिवशी मेंढपाळ मेंढरे आणि शेरडे वेगळी करील, आणि दुबळ्यांतल्या दुबळ्याला जे केले ते मलाच केले असे राजा म्हणेल, हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला. तिला वाटले, याला सगळे माहीत आहे. एकूण एक. जो आंधळा आहे त्याला क्षमा असेल. पण ज्याला इतके स्वच्छ दिसते, त्याने त्या डोळ्यांचे काय करायचे?

मग नावे सुरू झाली. एक नाव, एक ठोका. वर काशाचा तो जुना कंठ उघडे, थंड हवेत वर्तुळ सोडी, आणि ते वर्तुळ द्राक्षमळ्यांवरून दरीपार जाईपर्यंत माउखर थांबत. दहा नावे झाली.

"ऑयगेन रुऑफ," ते म्हणाले. "वय चाळीस."

आणि थांबले.

त्या थांबण्यात तिने दोर दोन्ही हातांत घेतला. एवढेच. आणखी काही बोलू नकोस, बाबा. एवढ्यावर मी घंटा अशी वाजवीन की दरीपार ऐकू जाईल.

"देवाच्या इच्छेने प्रभूमध्ये निजला," माउखर म्हणाले; भरभर, पायरी चुकलेल्या माणसासारखे.

तिने दोर ओढला नाही.

चर्चमध्ये डोकी वर झाली. कोणी खोकले. माउखरांनी यादीत पाहिले आणि नाव पुन्हा वाचले, त्याच शब्दांसह. दोर तिच्या तळव्यांत होता, तिच्या सगळ्या वजनाची वाट पाहत. वर घंटा स्तब्ध होती. त्या शांततेत तिसऱ्या बाकावरची सुताराची बायको लुईझ बाउडर हळूहळू ताठ झाली. तिची मुलगी त्याच आश्रमात होती, अजून. लुईझने मागे वळून उघड्या दारातल्या याकोबीनेकडे पाहिले. दोघींची नजर एकमेकींत अडकून राहिली. मग लुईझने रुमाल डोक्याला घट्ट बांधला आणि शेवटच्या प्रार्थनेआधीच ती बाहेर पडली. जाता जाता दाराशी क्षणभर थांबली.

"दुपारची गाडी मिळेल मला," ती कुजबुजली. "आजच घेऊन येते पोरीला."

उपासना संपली तेव्हा पायऱ्यांवर हेगेले उभा होता, शेजारी माउखर. लोक टोप्या हातात धरून रेंगाळत होते.

"काय गं याकोबीने, दोर अडकला की काय?"

"थंडीनं आखडतो तो," माउखर घाईने म्हणाले. "सांगा ना, केखलेबाई."

"नवा दोर आहे. ऑगस्टात बदलला. पाळकसाहेबांनीच शिडी धरली होती."

माउखरांनी मान खाली घातली. हेगेले हसला; त्याच्या हसण्यात सलोखा होता, आणि तोच तिला असह्य झाला.

"बरं, भाऊ होता, हात उचलला नाही. म्हण की तसं. आम्हीपण माणसंच आहोत."

"हाताला काही झालेलं नाही."

"मग ठोका कुठं गेला?"

"कुठं गेला नाही. द्यायचा आहे."

हेगेलेचे हसू मावळले. "म्हणजे? कधी देणार?"

याकोबीनेने दाराआड ठेवलेली देवदाराच्या डहाळ्यांची जुडी उचलली. हिवाळ्याआधी थडगी झाकायची असतात. पायऱ्या उतरून ती दफनभूमीच्या कोपऱ्याकडे निघाली. टपालाने आलेला कलश तिथे पुरला होता. त्यात राख ऑयगेनची होती की त्याच बसमधल्या आणखी कोणाची, हे तिला कधीच कळणार नव्हते. ज्याची असेल तो न्यायाच्या त्या दिवशी तिथून उठेल, आणि तोवर त्याला गारठा लागू नये.

"याकोबीने, मी विचारतोय. कधी?"

ती चालत राहिली. ओल्या गवतातून, थडग्यांच्या रांगेमधून, डहाळ्या छातीशी धरून.