न फुटणारा बांध

जगबुडीचे सिनेमे म्हणजे लुबर्टचा जीव की प्राण, आणि ते जितके भिकार तितकी गोडी जास्त. ज्यात पैसा ओतलाय, लाटेचा थेंबन्‌थेंब खरा वाटतोय, असल्या सिनेमांकडे तो ढुंकूनही बघत नसे. त्याला हवी असायची पुठ्ठ्याची शहरं, सहा देशांत फिरणारं एकच हेलिकॉप्टर, आणि चष्मा लावला की शास्त्रज्ञ झालेली नटी. दर रविवारी दुपारी वाटाण्याचं घट्ट सूप पोटात गेलं की त्याच्या घरी पडदे ओढले जात. शेजारचा गोठेवाला बेरेंड लाकडी बूट दारात काढून आत यायचा. शाळेत जन्मभर पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या दीनेकेबाई यायच्या. लुबर्टची बायको रूली चीजचे तुकडे आणि मोहरीची वाटी मधोमध ठेवायची आणि विणकाम घेऊन बसायची.

"आलं, आलं!" लुबर्ट खुर्चीतून अर्धा उठायचा. "पोहण्याच्या तलावाखाली ज्वालामुखी!"

"पाणी उकळतंय आणि ही बया पोहतेच आहे," दीनेकेबाई म्हणायच्या. "हिला मी नापास करते."

"पोहू द्या हो बाई, थंडीचे दिवस आहेत," बेरेंड म्हणायचा.

दुसऱ्या एखाद्या सिनेमात खिडकीच्या फटीतून हिमयुग आत यायचं आणि टॉवेल कोंबला की थांबायचं. लुबर्टच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी यायचं.

आता हा माणूस काही अडाणी नव्हता. आयसेल नदीच्या काठावर, पुराचे बांध राखणाऱ्या जलमंडळाच्या नोकरीत त्याचे केस पिकले होते. नदी चढली की बांधावर चालत जायचं, आतल्या, गावाकडच्या बाजूला पायथ्याशी पाणी झिरपतंय का बघायचं, दिसलं तर बंदोबस्त करायचा आणि घरी यायचं. बांध फुटला असता तर लुबर्टचं नाव देशभर झालं असतं. तो कधीच फुटला नाही, त्यामुळे त्याने नेमकं काय केलं हे गल्लीतही कुणाला ठाऊक नव्हतं. निरोपाच्या वेळी एक साहेब भाषणात म्हणाले होते, 'यांच्या काळात सुदैवाने काही घडलं नाही.' सुदैवाने! तो शब्द लुबर्टच्या मनात काट्यासारखा रुतून बसला होता. आपण काय केलं हे एकदा तरी लोकांनी बघावं, एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती बोलून दाखवायची त्याला लाज वाटायची.

अशात बेरेंडची पुतणी मार्लूस एका रविवारी येऊन बसली. पोरगी सिनेमे काढायची, चार मित्र आणि उसना कॅमेरा घेऊन. आता ती आयसेलच्या महापुरावर सिनेमा काढत होती.

"लुबर्टकाका, तुम्ही माझे शास्त्रीय सल्लागार व्हाल का?"

बेरेंड आणि दीनेकेबाई खो खो हसत सुटले. असल्या सिनेमांच्या शेवटी शास्त्रीय सल्लागाराचं नाव झळकलं की याच खोलीत त्याचा उद्धार व्हायचा. लुबर्ट मात्र हसला नाही. "होतो," तो म्हणाला.

आणि मग तो पिसाळलाच. मार्लूसने लिहिलं होतं की बांध धडाडकन कोसळतो आणि चर्चच्या मनोऱ्याएवढी लाट गावावर येते. लुबर्टने ते पान उभंआडवं खोडलं.

"बांध असा फुटत नसतो, पोरी. आधी पाणी खालून येतं. आतल्या बाजूला गवतात बुडबुडतं. नितळ असलं तर बघत बसायचं. वाळू घेऊन आलं तर मात्र बांध पोखरला जातोय."

"मग ते भोक बुजवायचं?"

"खुळी का काय! बुजवलंस तर दुसरीकडून येईल. त्याच्याभोवती वाळूच्या पोत्यांचं कडं करायचं आणि आत पाणी चढू द्यायचं. तेच पाणी खालच्याला दाबून धरतं. पाण्याने पाणी थांबवायचं!"

"आणि मग?"

"मग काय? थांबतं."

मार्लूस भली पोरगी. तिने सगळं ऐकलं. लुबर्टने सांगितलं तिथे पोती रचली, तो म्हणाला तितकाच वेळ माणसांना बांधावर चालायला लावलं. हेलिकॉप्टर काढून टाकलं. नायिकेचा चष्मासुद्धा काढला, कारण पावसात बांधावर चष्मा म्हणजे नुसती डोकेदुखी. तयार झालेला सिनेमा घेऊन ती लुबर्टच्याच घरी आली.

पडदे ओढले गेले. नदी चढली. माणसं चालली. गवतात बुडबुडलं, पोती आली, कडं झालं, पाणी गुडघ्यापर्यंत चढलं आणि थांबलं. माणसं घरी गेली. एक चूक म्हणून सापडेना. दीनेकेबाई उगीच शालीची गाठ सोडत आणि बांधत होत्या. बेरेंड घोरायला लागला होता.

"शास्त्र अगदी बरोबर आहे," शेवटी दीनेकेबाई म्हणाल्या. घरात कुणी गेल्यासारखा त्यांचा आवाज होता.

रूलीने सुया खाली ठेवल्या. "लुबर्ट, तू भिजून घरी यायचास आणि मी विचारायची, काय झालं रे? तू म्हणायचास, काही नाही. मला वाटायचं, हा माझ्यापासून काहीतरी लपवतोय." तिने पडद्याकडे बोट केलं. "खरंच काही होत नव्हतं की रे!"

ती बिचारी मनापासूनच बोलली होती, म्हणून जास्त झोंबलं. त्याहून वाईट म्हणजे, मघाशी तिसऱ्या पोत्यापाशी लुबर्टला स्वतःलाच जांभई आली होती. स्वतःच्या अख्ख्या आयुष्यावर! ती त्याने तळहाताआड लपवली होती.

"सिनेमा दाखवणार होते त्या टीव्ही वाहिनीवाल्यांनीही बघितला, काका," मार्लूस चाचरत म्हणाली. "त्यांनी एकच विचारलं. पूर कुठाय?"

लुबर्टने उठून पडदे उघडले. मग म्हणाला, "फोडू या. पण फोडायचा तो छोटा बांध मी बांधणार. तुमचा पुठ्ठा नको."

बेरेंडच्या गोठ्यामागच्या चरात त्याने कमरेएवढा बांध घातला. आत वाळू, वर चिकणमाती, त्यावर हिरवळीचे चौकोन. मार्लूसच्या मित्रांनी मागे पुठ्ठ्याचं गाव उभं केलं. चर्च, बेकरी, सायकली, सगळं. कॅमेरे लागले. बेरेंडने शेणपाणी उपसायचा पंप चरात सोडला आणि पाणी चढायला लागलं.

चढलं, आणि डावीकडून गुपचूप निघून जायला लागलं.

"ती वाट कुणी ठेवली?" मार्लूस ओरडली.

"मीच," लुबर्ट ओशाळून म्हणाला. "जादा पाण्याला. सवयीने हात गेला गं."

वाट बुजवली. पाणी पुन्हा चढलं, बांधाच्या माथ्याला टेकलं, वरून वाहायलाही लागलं. गवत आडवं झालं, पण माती हलली नाही. चर्चच्या दाराशी चिमूटभर चिखल झाला, बस्स.

"पंप वाढव काका!" मार्लूस म्हणाली.

"वाढवला की! आणखी काय, माझ्या गाई जुंपू?" बेरेंड खेकसला. "फूट की मेल्या!"

सगळे चराच्या काठावर उभे राहिले. कुणी बांधाला शिव्या घातल्या, कुणी विनवण्या केल्या. दीनेकेबाईंनी दाबाचं सूत्र मोठ्याने म्हणून बांधाला त्याचं कर्तव्य समजावलं. बांध जागचा हलेना. आणि मग हळूहळू, कुणाच्या ध्यानात न येता, माणसं फितूर व्हायला लागली. एका कोपऱ्यात माती सुटल्यासारखी वाटली तर मार्लूसच्या कॅमेरावाल्याने श्वास रोखला, आणि ती टिकली तेव्हा तो "शाब्बास!" म्हणाला. बेरेंड तर उघड उघड बांधाच्या बाजूला गेला. "धर! धरून ठेव गड्या!" असं ओरडत तो पंप मात्र इमानाने चालवत राहिला.

लुबर्ट बांधाकडे बघतच नव्हता. तो माणसांकडे बघत होता. एक बांध फुटत नव्हता आणि एवढी माणसं तोंडाचा आ वासून ते बघत होती.

"काका, ऊन चाललं," मार्लूस काकुळतीला आली. "आज झालं नाही तर माझा सिनेमा संपला. कसा फोडायचा ते तुम्हालाच माहीत आहे."

होतंच माहीत. तो गमबूट घालून चरात उतरला आणि आतल्या बाजूला, नेमक्या जागी, पायथ्याशी उभा राहिला.

"लुबर्ट!" काठावरून रूली ओरडली. विणकाम चिखलात पडलं होतं आणि तिला त्याचं भान नव्हतं. "हात लावू नकोस त्याला! इतका वेळ धरलंय त्याने!"

लुबर्टने वर बघितलं. हे वाक्य ऐकायला तो एवढी वर्षं पावसात चालला होता हे त्याला आत्ता कळलं. मग त्याने हिरवळीचा एक चौकोन उचकटला आणि टाच रोवली.

आधी नितळ पाणी आलं. मग वाळू. मग पायथ्याचा तुकडा सुटला, माथा खचला, आणि गढूळ पाण्याने चर्च, बेकरी, सायकली उचलून नेल्या. लाट लुबर्टच्या छातीवर आदळली. "अहाहा! साफ चूक!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला. "एवढ्याशा पाण्याला एवढी लाट? साफ चूक!" मार्लूस आनंदाने नाचत होती. तिने ते ओरडणंही सिनेमात ठेवलं.

घरी जाताना रूली त्याच्या चार पावलं पुढे चालत राहिली. तिने किल्ली काढली, दार उघडलं, त्याचे चिखलाचे बूट बाहेरच ठेवायला लावले.

"चांगला बांध होता," ती रागाने म्हणाली, आणि आत गेली.

लुबर्ट ओल्या मोज्यांनी दारात उभा राहिला. जन्मात कुणाच्या रागाने त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.