आरतीनंतर वळणारी बोट

मांगरोळच्या धक्क्यावर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. 'जलतारिणी' बोट भुतानं झपाटली होती आणि ते भूत काढायला पुंजाबापा भूवा, म्हणजे गावचे मांत्रिक, आले होते.

तीन फेऱ्यांत एकच प्रकार घडला होता. दिवसभर बोट सरळ चालायची. संध्याकाळी बोटीवर दर्याच्या देवीची, सिकोतर मातेची, आरती झाली, की आपोआप सुकाणू धरणारं नवं यंत्र तिला गुपचूप पश्चिमेला वळवायचं. चाकाला कुणाचा हात नसायचा, तरी ते हळूच फिरायचं. खलाशी तिकडे बघायलाही धजेनात. पश्चिमेला पाकिस्तानची हद्द. ती ओलांडणारी माणसं वर्षानुवर्षं तुरुंगात सडतात. तिसऱ्या फेरीत हद्द दोन मैलांवर आली, तेव्हा कुठे बोट किती भरकटलीय ते लखम तांडेलच्या, म्हणजे बोटीच्या कप्तानाच्या, लक्षात आलं. त्याच पाण्यात दोन वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ वेलजी बुडाला होता. प्रेतही मिळालं नव्हतं.

"वेलजी ओढतोय!" बापा घुमायला लागले. "त्याची बायको रोज तिन्हीसांजेला उंबऱ्यात बसून दर्याकडे बघते. तिनंच बांधून ठेवलाय त्याला. रूडीला आजच्या आज माहेरी धाडा, नाहीतर बोट गेली म्हणून समजा!"

माहेरी रूडीभाभीचं कुणी उरलं नव्हतं. गर्दीच्या कडेला ती उभी होती.

बापांनी बोटीतल्या मातेच्या कोनाड्याजवळ त्रिशूळ नेला. सुकाणूच्या यंत्राच्या पडद्यावरचा दिशेचा आकडा सरसर फिरला. "आला! बघा, वेलजी आला!" खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला.

मग माझी मलाच लाज वाटली. कारण ते यंत्र मीच बसवलं होतं. मी देवशी, बंदरावरचा यंत्रांचा मिस्त्री. सुकाणूला दिशा सांगणारी होकायंत्राची डबी कुठे ठोकायची, हा प्रश्न निघाला तेव्हा लखम म्हणाला होता, "मानाची वस्तू आहे, मातेच्या कोनाड्यात बसव." आमच्यात नवं जाळंसुद्धा आधी तिच्या पायाशी ठेवतात. मी मुकाट्यानं मान डोलावली होती.

"भाभी," मी ओरडलो, "बोटीच्या चुलीवरचा लोखंडी तवा आणा!"

तिनं तवा आणून कोनाड्यापाशी धरला. आकडा पुन्हा फिरला.

"बापा, वेलजीभाई आता तव्यातही शिरले का?"

कुणीतरी खुसकन हसलं. बापा गरजले, "नास्तिका, तुझी जीभ झडेल!"

"झडू दे. लखम, आरती कशावर वाजवता?"

"स्पीकरवर. कोनाड्यातच ठेवतो, सकाळी उचलतो."

स्पीकर ठेवला. आकडा तीस अंश सरकला आणि तिथंच बसला. "याच्या पोटात चुंबक आहे," मी म्हणालो. "डबीला उत्तर दिशा भलतीकडेच दिसते आणि यंत्र तिच्यावर विसंबून बोट वळवतं. चूक माझी आहे. वेलजीभाईची नाही."

"मग त्रिशूळानं आकडा कसा फिरला?" म्हणत लखमनं बापांच्या त्रिशूळावरची लाल चिंधी हिसकावली. आतून चुंबकाच्या दोन चकत्या खाली पडल्या. बापा "मुहूर्त टळला" असं पुटपुटत गर्दीतून सटकले.

डबीला नवी जागा शोधायला साधं होकायंत्र घेऊन मी सगळ्या बोटीत फिरलो. इंजिनापाशी सुई भरकटली, बॅटरीच्या तारांपाशी थरथरली. खाली, बोटीच्या मध्यावर, तांदळाच्या लाकडी खणात मात्र ती शांत राहिली.

"तांदळात?" लखमनं तोंड वाकडं केलं.

"तांदळात. तेही पितळी स्क्रूनं, लोखंड जवळ नकोच."

डबी तिथं बसवली आणि बंदराबाहेर गोल फेऱ्या मारून यंत्राला दिशा नीट शिकवली. संध्याकाळी स्पीकरवर दणक्यात आरती झाली, पण बोट नाकासमोर चालली.

परतलो तेव्हा रूडीभाभी धक्क्यावरच होती. लखम तिच्या पाया पडला. "भाभी, चुकलो. घरी चला." ती माझ्याकडे वळली.

"देवशीभाई, म्हणजे बोट वळवून ते मला बोलवत नव्हते?"

"नाही, भाभी."

दोन वर्षांत पहिल्यांदा ती मोकळी रडली. आपण तिलाच घराबाहेर काढायच्या बेतात होतो, हे आठवलं की आजही मला झोप लागत नाही. बाबांनो, बोट भरकटली तर डबीशेजारी काय ठेवलंय ते आधी बघा. लोखंड शोधा, चुंबक शोधा, माझ्यासारख्या मिस्त्रीची चूक शोधा. पण कुणाची विधवा शोधू नका.