काखेतली शिवण

उमरेडजवळच्या अभयारण्यात जयवंता पराते चार वर्षांपासून गाइड होती. डिसेंबरात सकाळी सहाला उघड्या जिप्सीत बसलं की वारा हाडापर्यंत जायचा. आदल्या थंडीत अकरा गाइडांपैकी सहाजण तापानं पडले, तेव्हा गाइडांच्या समितीनं ठरवलं की यंदा सगळ्यांना एकसारखी, वारापाणी अडवणारी जाकिटं घ्यायची. खरेदीला जयवंतानंच जायचं हे कुणी वेगळं सांगावं लागलं नाही. ती बुटीबोरीच्या एका शिलाई कंपनीत नऊ वर्षं काम करून आलेली. सोबत समितीचा सचिव ओमप्रकाश, तोही अकरांतलाच एक गाइड.

ओमप्रकाशची अट एकच होती, माल भारतातलाच पाहिजे. बैठकीत जयवंतानंही मान हलवली होती. तिचं कारण मात्र वेगळं होतं. तिची कंपनी परदेशासाठी रेनकोट आणि जाकिटं शिवायची. पाच वर्षांपूर्वी मोठ्या गिऱ्हाइकानं ऑर्डर उचलून बांगलादेशात नेली आणि एका दुपारी एकशेवीस बाया घरी बसल्या. साहेबानं मशीन बंद करायला सांगितलं तेव्हा तिच्या टेबलावर अर्धवट बाह्यांचा ढीग पडलेला होता. तेव्हापासून बांगलादेशचं लेबल दिसलं की ती कपडा जागेवर ठेवून द्यायची, मग तो भाच्याचा टीशर्ट का असेना.

दोघं सकाळच्या एसटीनं नागपूरला आले आणि सीताबर्डीतल्या एका दुकानाचा जिना चढले. ट्रेकिंगचं सामान ठेवणारं दुकान होतं. मालकानं पाच-सहा प्रकार काउंटरवर टाकले. ओमप्रकाश कॉलर उलटवून देशांची नावं वाचू लागला, जयवंता जाकिटं उलटी करून आतून बघू लागली. मग तिनं मालकाकडं पाण्याची बाटली आणि जुना पेपर मागितला. त्याला ते फारसं रुचलं नाही, पण अकरा नगांचं गिऱ्हाईक होतं, त्यानं दिलं.

तिनं प्रत्येक जाकिटाच्या आत पेपर सरकवला आणि वरून खांद्यावर, काखेत पाणी ओतलं. ओमप्रकाशला आवडलेलं, भारतात बनलेलं हिरवं जाकीट दिसायला झकास होतं, पण शिवणीवर आतून पट्टीच लावलेली नव्हती. सुईच्या भोकांतून पाणी उतरलं आणि पेपर भिजला. चीनचं जाकीट टिकलं, पण ते भडक नारिंगी होतं, जंगलात चालण्यासारखं नव्हतं. भारतातलंच आणखी एक अगदी पक्कं निघालं, पण त्याचे दोनच नग शिल्लक होते. राहिलं एक मातकट रंगाचं. त्याचा पेपर कोरडा राहिला. सगळी मापं होती, अकरा नगही होते. ओमप्रकाशनं कॉलर पाहिली आणि लेबल तिच्यासमोर धरलं. बांगलादेश.

जयवंतानं जाकीट पुन्हा उलटं केलं. शिवणीवर गरम दाबानं पट्टी चिकटवायचं काम कंपनीत तिच्याकडंच असायचं. चार शिवणी एकत्र येतात ती काखेतली जागा सगळ्यात अवघड. तिथं पट्टीला सुरकुती पडते, हवा अडकते, आणि पहिल्या पावसात पाणी तिथूनच शिरतं. तिनं त्या जागेवरून अंगठा फिरवला. एकदा, मग परत एकदा. मग मालकाला म्हणाली, हेच द्या.

"ताई, याच देशानं तुमची कंपनी बंद पाडली ना?" ओमप्रकाश हळूच म्हणाला. "मंग हे काहून घेऊन राहिल्या?"

"कंपनी तिथल्या बायांनी नाई बंद पाडली गा," जयवंता म्हणाली. "हे पाय. एक बुडबुडा नाई. इतकी साफ पट्टी लावाले मले दीड वर्ष लागलं होतं."

मग तिनं त्याला आजवर कुणाला न सांगितलेलं सांगितलं. त्यांच्या कंपनीत एका गिऱ्हाइकाचा माणूस यायचा, तो प्रत्येक ढिगातला माल पाण्याखाली धरायचा. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं कुणीच यायचं नाही. बाया त्याच, मशीन तेच, लेबलवर देशही तोच. दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या मालाला मात्र त्या घाईघाईत पट्टी लावून पुढं ढकलायच्या. ती स्वतःही.

ओमप्रकाशला ते पटलं की नाही कळलं नाही. त्यानं स्वतःपुरतं ते पक्कं भारतीय जाकीट घेतलं. बाकी दहा मातकट. परतीच्या बसमध्ये जयवंता गठ्ठा मांडीवर घेऊन बसली होती. निवड बरोबर केली हे तिला ठाऊक होतं, तरी साहेबाचा तो दुपारचा आवाज डोक्यातून जात नव्हता. पाचगाव येईपर्यंत तिनं दोनदा डोळे पुसले. ओमप्रकाश खिडकीबाहेर बघत राहिला.

जानेवारीत दुपारच्या सफारीला अचानक गारांचा पाऊस झाला. दहाही मातकट जाकिटं आतून कोरडी राहिली. ओमप्रकाशचंही. काजल नावाच्या गाइडची चेन तेवढी अडकली, ती मेणबत्ती घासल्यावर चालू लागली.

त्या दिवशी जयवंताच्या जिप्सीत पुण्याचं एक कुटुंब होतं. नवऱ्याच्या अंगावर महागडं जाकीट, पण खांदा ओलाचिंब. त्यानं कौतुकानं विचारलं, तुमचं हे बाहेरून मागवलंय का? तिनं सांगितलं, बर्डीतून घेतलंय, बांगलादेशचं आहे. तो जरा हसला. तिनं त्याचं जाकीट मागून घेतलं आणि आतून उलटलं. खांद्यावरची पट्टी सुटून आली होती. कॉलरवरचं नाव तिनं वाचलं नाही. वर सुती कापड ठेवून कोमट इस्त्रीनं हळूहळू दाबा, पुन्हा चिकटेल, असं ती त्याला बोटानं जागा दाखवून समजावू लागली. कुटुंबही वाकून शिवण पाहू लागलं.

ड्रायव्हर गोविंदानं गाडी थांबवली. दोन मिनिटं त्यानं वाट पाहिली.

"ताई," शेवटी तो म्हणाला, "डावीकडं गवा उभा हाय. त्यायले दाखवता का?"